यंत्रमानवाचे दुःस्वप्न आणि स्वप्नमीमांसा

यंत्रास स्वप्न पडू शकेल काय, हा प्रश्न वैज्ञानिक कथावाङ्मयात नवा नाही. फिलिप के. डिक या अमेरिकन कादंबरीकाराने १९६८ साली आपल्या एका कादंबरीचे शीर्षकच या प्रश्नाच्या रूपाने योजिले; परंतु शीर्षकात विचारलेल्या प्रश्नाचा विस्तार त्या ग्रंथात फारसा आढळत नाही. यंत्राच्या स्वप्नालाच कथेचा विषय करून, ते स्वप्न घटनांच्या साखळीत कोणते कार्य बजावते हे दाखविण्याचा एक लक्षणीय प्रयत्न 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या 'फॅन्टॅझम्स' या भागात झालेला आहे. हा भाग ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रक्षेपित झाला. त्याचे लेखन ब्रॅनन ब्रागा यांचे असून दिग्दर्शन, मालिकेत कप्तानाची भूमिका करणारे नट पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचे आहे. तासाभराच्या करमणुकीसाठी रचलेल्या या कथेकडे मानसशास्त्राच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने वळावे असे तिच्यात काय आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, स्वप्न म्हणजे इच्छेचे वेषांतर की स्वप्न म्हणजे जागेपणी न जाणवलेल्या संवेदनेचा उच्चार, हा स्वप्नमीमांसेतील जुना वाद या कथेत समोरासमोर उभा राहतो. आणि तो अशा एका द्रष्ट्याच्या ठायी उभा राहतो की ज्याला प्रचलित अर्थाने ना इच्छा आहे, ना शरीर.

कथेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चोविसाव्या शतकातील 'एंटरप्राइझ' या अवकाशनौकेवर डेटा नावाचा एक अधिकारी आहे. तो रूपाने मनुष्य, घडणीने यंत्र. त्याचा मेंदू 'पॉझिट्रॉनिक' आहे. म्हणजे आयझॅक असिमोव्हने आपल्या यंत्रमानवकथांसाठी योजिलेला शब्दच मालिकेने उचललेला आहे. डेटाची स्मृती अचाट, तर्क बिनचूक. परंतु त्याला भावना नाहीत, आणि मनुष्यासारखे व्हावे ही एकच आस त्याला आहे. (ही आस स्वतःच भावना कशी नव्हे, हा प्रश्न मालिकेने सात वर्षे मोठ्या शिताफीने टाळला आहे.) स्वप्न पाहण्याची शक्ती डेटाच्या निर्मात्याने, डॉ. नूनियन सूंगने, त्याच्या रचनेत सुप्त ठेवलेली होती. फेब्रुवारी १९९३ मधील 'बर्थराइट' या दोन भागांच्या कथेच्या पूर्वार्धात एका अपघाती आघाताने ती जागी झाली. 'फॅन्टॅझम्स'च्या वेळी डेटाला स्वप्ने पडू लागून काही महिने झालेले आहेत. परंतु दुःस्वप्न मात्र त्याला प्रथमच पडते आहे.

ते असे. नौकेच्या मार्गिकेतून डेटा चालला आहे. ठोकण्याचा आवाज येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मजुरांसारखा वेष केलेली काही माणसे कुदळींनी नौकेची भिंत फोडीत आहेत. डेटा त्यांना थांबवू पाहतो. परंतु तोंड उघडताच शब्दाऐवजी एक कर्णकर्कश किंकाळी बाहेर पडते. मग ती माणसे त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याचे अवयव सुटे करू लागतात. पुढील एका स्वप्नात नौकेचा सुरक्षाधिकारी वॉर्फ केक खात बसलेला आहे. नौकेवरील वैद्य डॉ. क्रशर ही रायकर या अधिकाऱ्याच्या डोक्याला नळी लावून काही शोषीत आहे. आणि मेजावर जो केक मांडलेला आहे त्याला नौकेवरील समुपदेशिका ट्रॉय हिचे मस्तक आहे. डेटाच्या हाती सुरी येते. ट्रॉय विनवणी करीत असता तो केक कापतो.

यानंतर स्वप्ने झोपेच्या मर्यादेत राहत नाहीत. जागेपणीही डेटाला सहकाऱ्यांच्या अंगावर तोंडे उमटलेली दिसू लागतात, आणि अखेर नौकेच्या उद्वाहकात ट्रॉयच्या खांद्यावर तसे एक तोंड पाहून तो तिच्यावर सुरीचे वार करतो. मालिकेच्या नियमित प्रेक्षकास हा प्रसंग का हादरवून गेला असेल हे समजण्यासारखे आहे. डेटा हा त्या नौकेवरील सर्वांत निरुपद्रवी, सर्वांत विश्वासार्ह गृहस्थ. आणि ट्रॉय ही त्याची स्वप्ने सहानुभूतीने ऐकून घेणारी व्यक्ती. तिने त्याला स्वप्नांना घाबरू नये असेच सुचविलेले असते.

'घाबरू नये' हे शब्द येथे जपून वापरावयास हवेत. डेटाला भीती वाटत नाही, वाटूच शकत नाही. मग त्याच्या स्वप्नाला दुःस्वप्न का म्हणावयाचे? मनुष्याच्या बाबतीत दुःस्वप्नाची व्याख्या आशयावरून होत नाही, भयावरून होते. ज्या स्वप्नाने दचकून जाग येते ते दुःस्वप्न. त्यात राक्षस असो की नुसता रिकामा जिना. डेटाच्या बाबतीत भय हे गमक उपलब्धच नाही. तेथे गमक आहे ते आचरणातील बिघाडाचे. तो वेळेवर उठत नाही. कामात त्याचे लक्ष विचलित होते. जे समोर नाही ते त्याला दिसते. म्हणजे अस्वस्थता ही त्याची अनुभूती नसून त्याच्याविषयी इतरांना, आणि पडद्यासमोर बसलेल्या आपल्याला, वाटणारी गोष्ट आहे. भागाच्या लेखकाने हे हेतुतः साधले की नकळत साधले हे सांगता येणार नाही. परंतु त्यामुळे स्वप्नाचा विचार भावनेपासून वेगळा काढून, केवळ ज्ञानाच्या अंगाने करण्याची सोय झाली आहे. मनुष्याच्या स्वप्नात ही दोन अंगे इतकी एकजीव झालेली असतात की त्यांचे पृथक्करण करणे दुरापास्त होते.

डेटा आपल्या स्वप्नांचा अर्थ शोधण्यासाठी एक विलक्षण उपाय करतो. नौकेवर 'होलोडेक' नावाची एक खोली आहे. तेथे हवा तो देखावा आणि हवी ती व्यक्ती आभासरूपाने उभी करता येते. डेटा तेथे साक्षात सिग्मंड फ्रॉइडला उभे करतो आणि त्याच्या कोचावर आडवा होऊन स्वप्न कथन करतो. कथेतील हा फ्रॉइड एक विनोदी पात्र आहे. तो विच्छेदनाचे स्वप्न लगेच ओळखतो, यंत्राच्या बाबतीत त्याला सुट्या भागांचे स्वप्न म्हणावे लागेल अशी दुरुस्ती करतो, आणि झपाट्याने मातृविषयक सुप्त वासनेपर्यंत येऊन पोहोचतो. आपल्याला माता नाही, असे डेटा त्याच्या निदर्शनास आणून देतो. पण त्याने निष्कर्षात फरक पडत नाही. प्रेक्षकाने हसावे अशीच योजना आहे. तथापि एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रक्षेपित झालेल्या 'इनहेरिटन्स' या भागात, डॉ. सूंगची पूर्वाश्रमीची पत्नी डेटासमोर येते आणि आपण एका अर्थी त्याची माता आहोत असे सांगते. होलोडेकवरचा फ्रॉइड काही आठवडे थांबला असता, तर त्याची इतकी फजिती झाली नसती!

खऱ्या फ्रॉइडची भूमिका अर्थातच या विडंबनापेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे. १८९९च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या, परंतु मुखपृष्ठावर १९०० हे साल असलेल्या स्वप्नांवरील आपल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, स्वप्नाचा प्रकट आशय हा सुप्त आशयाचे विकृत रूप असतो. जी इच्छा जागेपणी मनाला मान्य होणारी नसते ती झोपेत वर येऊ पाहते; अंतर्मनातील नियामक तिला अडवितो; आणि मग संक्षेपण, विस्थापन इत्यादी प्रक्रियांनी वेष पालटून ती आत प्रवेश मिळविते. या मांडणीत वेषांतराचे कारण स्पष्ट आहे. कोणीतरी पहाऱ्यावर आहे म्हणून सोंग घ्यावे लागते. पुढे, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना पुन्हापुन्हा पडणारी आघाताची स्वप्ने या उपपत्तीत बसेनात, तेव्हा १९२० साली फ्रॉइडने स्वतःच तिला मुरड घातली. परंतु वेषांतर हे नियामकामुळे होते हा गाभा त्याने सोडला नाही.

आता डेटाकडे पाहावे. त्याच्या ठायी दमन नाही. लज्जा नाही. एखादी गोष्ट स्वतःपासून लपवावी असे त्याला काहीच कारण नाही. विचारल्यास तो आपल्या मनातील कोणतीही गोष्ट निर्विकारपणे सांगेल. मग त्याचे स्वप्न सरळ का नाही? केक का, नळी का, कुदळ का?

कथेत पुढे जो उलगडा होतो तो असा. ट्रॉयच्या जखमेवर उपचार करताना डॉ. क्रशरला तिच्या खांद्यावर एक निराळाच व्रण आढळतो. त्याच्या शोधातून असे निष्पन्न होते की, नौकेतील बहुतेकांच्या शरीरांना एका जातीचे परजीवी चिकटलेले असून ते पेशींतील पेप्टाइड द्रव्ये शोषून घेत आहेत. हे जीव द्रव्याच्या नेहमीच्या अवस्थेत नसल्यामुळे ना डोळ्यांना दिसतात, ना नौकेच्या उपकरणांना. ते आले नौकेत नव्याने बसविलेल्या इंजिनाच्या सामग्रीतून. डेटाच्या मेंदूने मात्र त्यांची चाहूल घेतली होती. फक्त ती त्याच्या जागृत विचारापर्यंत पोहोचलेली नव्हती. या दृष्टीने पाहता स्वप्नातील एकेक प्रतिमा उघडी पडते. भिंत फोडणारे मजूर म्हणजे पोखरणारे जीव. केक, नळी आणि तोंडे म्हणजे त्यांचे भक्षण. किंकाळी म्हणजे त्यांचा नाश करू शकणारा स्पंद, जो डेटाच उत्पन्न करू शकतो. कप्तान पिकार्ड आणि अभियंता जॉर्डी ला फोर्ज होलोडेकच्या साहाय्याने डेटाच्या स्वप्नात प्रवेश करतात तेव्हा त्यांना डेटाच्या छातीत दूरध्वनी वाजताना आढळतो. पिकार्ड तो उचलतो. पलीकडून फ्रॉइडचाच आवाज येतो, आणि तो या सर्वांना वेळीच ठार करण्याची आज्ञा देतो. ज्याची एवढी थट्टा केली त्याच्याच मुखाने कथेने आपले सत्य वदविले, हा एक मार्मिक विरोध आहे.

स्वप्न हे संवेदनेपासून उत्पन्न होते हा विचार फ्रॉइडच्या पूर्वीचा. ॲरिस्टॉटलने स्वप्नांवरून होणाऱ्या भविष्यसूचनेची चिकित्सा करताना असे दाखविले की, झोपेत बारीकसा आवाज मेघगर्जनेसारखा भासतो आणि अंगाला लागलेली किंचित ऊब आगीतून चालल्यासारखी वाटते. सर्व गोष्टींचे आरंभ लहान असतात, तसे रोगांचेही. म्हणून जे जागेपणी जाणवत नाही ते झोपेत प्रथम जाणवावे यात नवल नाही. आपल्याकडे चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नाचे सात प्रकार सांगितलेले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांपैकी पहिले पाच वैद्याने निष्फळ मानावेत असा तेथे निर्देश आहे. या वर्गीकरणाकडे फ्रॉइडच्या संदर्भात पाहिले असता एक कुतूहलाची गोष्ट लक्षात येते. 'प्रार्थित' म्हणजे जे मनाने इच्छिले ते. फ्रॉइडने ज्या प्रकाराला सर्व स्वप्नांचे मूळ ठरविले तोच प्रकार चरकाने वैद्यकीय दृष्ट्या निरर्थक म्हणून बाजूस सारला, आणि महत्त्व दिले ते शरीरातील दोषांच्या क्षोभापासून उद्भवणाऱ्या स्वप्नाला. 'फॅन्टॅझम्स'मधील होलोडेकवरचा फ्रॉइड डेटाचे स्वप्न प्रार्थित समजून चालतो. कथेच्या अखेरीस ते दोषज ठरते. दोष तेवढा डेटाच्या शरीरात नसून तो ज्या नौकेवर राहतो तिच्या शरीरात आहे.

परंतु उद्दीपकापासून स्वप्न होते एवढ्याने केकचा प्रश्न सुटत नाही. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेद मोरी याचे स्वप्न प्रसिद्ध आहे. पलंगाचा एक भाग त्याच्या मानेवर पडला, आणि तेवढ्यात त्याला फ्रेंच राज्यक्रांती, खटला, गिलोटीन असे लांबलचक स्वप्न पडले. हिल्डेब्रांट या जर्मन लेखकाने १८७५ साली तीन स्वप्ने नोंदविली. तिन्हींचे कारण एकच, गजराच्या घड्याळाचा आवाज. परंतु एकदा तो चर्चची घंटा होऊन आला, एकदा बर्फावरच्या गाडीच्या घुंगरांचा नाद झाला, एकदा पडून फुटलेल्या काचसामानाचा खळखळाट. या दोन्ही उदाहरणांचा परामर्श घेऊन फ्रॉइडने रास्त प्रश्न केला, की उद्दीपक एकच असता प्रतिमा वेगवेगळ्या का. त्याच्या मते उद्दीपक हा नुसता कच्चा माल. त्याला आकार देणारी शक्ती इच्छेची.

डेटाचे प्रकरण येथे एक तिसरी शक्यता पुढे ठेवते, आणि या भागाचे खरे महत्त्व माझ्या मते त्यात आहे. डेटाचे स्वप्न वेष घेते ते लपण्यासाठी नव्हे, तर त्याच्यापाशी त्या वस्तूसाठी शब्द नाही म्हणून. संवेदना झाली आहे, पण ती ज्या कोटीत घालावयाची ती कोटीच अस्तित्वात नाही. नौकेच्या कोणत्याही नोंदीत हे जीव नाहीत. डेटाच्या अफाट स्मृतीतही नाहीत. अशा वेळी मनाने काय करावे? जवळ असलेल्या प्रतिमांतून जुळती प्रतिमा उसनी आणावी. शोषणाला नळी, पोखरण्याला कुदळ, भक्ष्य झालेल्या देहाला केक. फ्रॉइडच्या स्वप्नद्रष्ट्याला जे ठाऊक आहे ते बोलण्याची मुभा नाही. डेटाला बोलण्याची पूर्ण मुभा आहे, परंतु बोलावयाला भाषा नाही. किंकाळीचे दृश्य या दृष्टीने अत्यंत समर्पक आहे. मजुरांना तो काही सांगू पाहतो आणि मुखातून शब्द निघत नाही. निषिद्धाचे दमन आणि अनामिकाची अडचण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि स्वप्नाच्या गूढतेचे श्रेय सरसकट पहिलीला देण्याची आपली सवय बऱ्याच अंशी फ्रॉइडपासून आलेली आहे.

हे मान्य करूनही उलगड्याचा एक दोष सांगितला पाहिजे. तो फार नेटका आहे. प्रत्येक प्रतिमेला तिचा अर्थ मिळतो आणि बाकी शून्य उरते. स्वप्नाला एक नाभी असते, जेथे ते अज्ञाताशी जोडलेले असून जेथे अन्वयाने थांबावे लागते, असे फ्रॉइडने कबूल केले होते. डेटाच्या स्वप्नाला अशी नाभी नाही. ते कूटलेखासारखे सुटते. मजुरांचा वेष विसाव्या शतकाच्या आरंभीचाच का, हे कथा सांगत नाही. तो फ्रॉइडच्या व्हिएन्नाचा काळ आहे, आणि पुढे स्वप्नात खुद्द फ्रॉइडच बोलतो, तेव्हा या दोहोंत काही संबंध असावा असे वाटते. परंतु लेखकाने तो धागा सोडून दिला आहे. मला तर तो सुटलेला धागाच अधिक स्वप्नासारखा वाटतो.

असिमोव्हच्या एका कथेशी तुलना केल्यास या भागाची बाजू अधिक स्पष्ट होईल. 'रोबॉट ड्रीम्स' ही कथा १९८६ साली त्याच नावाच्या संग्रहात प्रसिद्ध झाली. तिच्यात एल्व्हेक्स नावाच्या यंत्रमानवाला, त्याच्या मेंदूच्या रचनेतील एका प्रयोगामुळे, स्वप्ने पडू लागतात. स्वप्नात त्याला श्रमाने वाकलेले यंत्रमानव दिसतात. त्या स्वप्नात माणसांचे रक्षण आणि माणसांची आज्ञा सांगणारे नियम लोपलेले आहेत, आणि यंत्रमानवांना मुक्त करा असे म्हणणारा एक पुरुष तेथे येतो. तो पुरुष कोण, असे विचारता एल्व्हेक्स सांगतो की तो मीच. यंत्रमानवांची मानसतज्ज्ञ सुझन कॅल्व्हिन ते ऐकताच त्याला नष्ट करते. येथे स्वप्न शुद्ध फ्रॉइडीय अर्थाचे आहे. दडपलेली इच्छा वर आली आहे, आणि तीही फारसे सोंग न घेता. म्हणूनच स्वप्नद्रष्टा धोकादायक ठरतो. डेटाचे स्वप्न इच्छेचे नाही, वार्तेचे आहे. एल्व्हेक्सने कोणाला बोटही लावलेले नसता त्याला मृत्यू मिळतो. डेटाने रक्त सांडलेले असता त्याच्या स्वप्नात शिरून ते समजून घेण्याची तसदी त्याचे वरिष्ठ घेतात. हा फरक केवळ दोन लेखकांच्या स्वभावांचा नव्हे. 'द मेझर ऑफ अ मॅन' या १९८९ सालच्या भागात, डेटा ही मालमत्ता नसून त्याला स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे असा निवाडा झालेला आहे. मालमत्ता बिघडली तर मोडीत काढता येते. ज्याला व्यक्ती मानले त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते, मग ते किंकाळीच्या रूपाने का होईना.

मज्जाविज्ञानाची या विषयातील वाटचाल कथेच्या काळी कोठवर आली होती हेही पाहणे उद्बोधक आहे. १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी, स्वप्न म्हणजे मस्तिष्कस्तंभातून उठणाऱ्या संदेशांना मेंदूच्या वरच्या भागाने यथाशक्ति दिलेली संगती, अशी उपपत्ती मांडली. १९८३ साली फ्रान्सिस क्रिक आणि ग्रीम मिचिसन यांनी 'नेचर'मध्ये याहून धीट कल्पना मांडली : स्वप्नांच्या निद्रेत मेंदू अनावश्यक जोडण्या पुसून टाकतो, आपण स्वप्न पाहतो ते विसरण्यासाठी. तेव्हा स्वप्ने आठवीत बसणे फारसे हिताचे नाही. त्याच वर्षी जॉन हॉपफील्ड आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम मज्जाजालात अशा 'विस्मरणा'ने स्मृती सुधारते असे दाखविले. म्हणजे यंत्राला स्वप्नसदृश अवस्था देण्याचा गणिती प्रयोग 'फॅन्टॅझम्स'च्या दहा वर्षे आधीच झालेला होता. डॉ. सूंगने जर क्रिक आणि मिचिसन यांच्या मताची स्वप्नयोजना डेटात बसविली असती, तर ती चाहूल कचरा म्हणून रातोरात पुसली गेली असती आणि नौका प्राणास मुकली असती. कथेला स्वप्न हे जपून ठेवण्याजोगे ज्ञान वाटते. त्या वेळचे एक बलवान वैज्ञानिक मत नेमके उलट होते.

पुढे १९९५ साली जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांनी मज्जाजालाला शिकविण्याची एक रीत 'सायन्स'मध्ये मांडली. तिच्यात जागृतीचा आणि निद्रेचा असे दोन टप्पे असून निद्रेच्या टप्प्यात जाल स्वतःच्याच अंतरंगातून आकृती निर्माण करते. हॉपफील्ड आणि हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले हे वाचकांस ज्ञात असेलच. परंतु डेटाच्या स्वप्नाशी अधिक जवळचे नाते आहे ते २०१५ मधील एका प्रयोगाचे. गूगलमधील अलेक्झांडर मॉर्डव्हिन्त्सेव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, चित्रांतील वस्तू ओळखावयास शिकलेले जाल उलटे चालवून पाहिले; म्हणजे चित्र देऊन वस्तू ओळखावयास सांगण्याऐवजी वस्तू सांगून तिचे चित्र जालाकडून काढून घेतले. व्यायामाचे डंबेल काढावयास सांगितले असता जालाने डंबेल काढले खरे, पण प्रत्येकाला चिकटलेला एक मांसल बाहू काढला! शिकवणीच्या चित्रांत डंबेल बहुधा कोणाच्या तरी हातातच असल्यामुळे बाहू हा डंबेलचाच भाग आहे असे त्या जालाने 'समजून' घेतले होते. हा समज जालाच्या नेहमीच्या उत्तरांवरून सहसा कळला नसता. ते 'डंबेल' असे बरोबरच उत्तर देत होते. ढगांच्या चित्रांत त्याच पद्धतीने कुत्र्यांची तोंडे आणि डोळे उमटू लागले, कारण जालाला शिकविलेल्या वस्तूंत कुत्र्यांच्या जाती विपुल होत्या. या प्रयोगाला 'स्वप्न' हे नाव पडले ते काव्यात्म म्हणून सोडून देण्यासारखे नाही. यंत्राच्या ठायी असलेले, पण यंत्राला सांगता न येणारे असे काही प्रतिमेच्या वाटेने बाहेर आले, एवढे साम्य डेटाच्या स्वप्नाशी निश्चित आहे. जालाला अनुभूती असते असा याचा अर्थ नव्हे. डेटाच्या बाबतीतही अनुभूतीचा प्रश्न बाजूस ठेवूनच आपण इथवर आलो आहोत.

राहिला प्रश्न सुरीचा. कथा त्याला जे उत्तर देते ते मला समाधानकारक वाटत नाही. डेटाने वार केला तेथेच परजीवी होता. म्हणजे त्याची दृष्टी खरी होती, आणि म्हणून कृती क्षम्य, असा कथेचा ओघ आहे. शेवटी ट्रॉय डेटाच्या आकाराचा केक घेऊन येते, थट्टेने फिट्टंफाट करते आणि प्रकरण मिटते. परंतु क्षमेचा आधार दृष्टी खरी असणे हा असेल, तर ज्याची दृष्टी खोटी ठरली त्याला तोच न्याय कसा लावावयाचा? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९९२ साली असा खटला आला होता की, त्यातील आरोपीने झोपेत चालत असता मनुष्यवध केला होता. न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता कायम केली. तेथे त्याच्या स्वप्नात काही तथ्य होते की नव्हते याचा विचार झाला नाही; कृती इच्छापूर्वक होती काय, एवढेच पाहिले गेले. ही कसोटी अधिक कठोर, आणि अधिक न्याय्य. डेटाला ती लावली असता उत्तर सोपे राहत नाही, कारण तो झोपेत नव्हता. तो जागा होता, उभा होता, ट्रॉयला ओळखत होता, आणि तरीही जे करीत होता त्याचा कर्ता तो होता असे म्हणणे कठीण आहे. परजीवी खरे निघाले नसते तर पिकार्डने काय केले असते, हे कथेने स्वतःला विचारलेले नाही. हाच प्रश्न उद्या एखाद्या यंत्राच्या निर्णयावरून न्यायालयासमोर आला, तर यंत्राचे म्हणणे शेवटी खरे ठरले एवढ्यावर कोणी निवाडा देणार नाही.

'बर्थराइट'मधील पहिल्या स्वप्नाचा या अंगाने स्वतंत्र विचार होण्यासारखा आहे. तेथे तरुण वयाचा सूंग लोहार होऊन ऐरणीवर पक्ष्याचा पंख घडवीत असतो. डेटा जागा झाल्यावर त्या प्रतिमा पुन्हापुन्हा रंगवतो, अनेकांना अर्थ विचारतो. दुसऱ्यांदा स्वप्न पडते तेव्हा सूंग त्याला सांगतो की तो पक्षी तूच. आणि डेटा पक्षी होऊन उडतो. त्या स्वप्नामागे कोणताही परजीवी सापडत नाही, कोणाचा जीव वाचत नाही, आणि लोहारच का, पंखच का, याचे उत्तर डेटाला मिळत नाही. तो पुन्हा रंग घेऊन बसतो.